आईला घेऊन मोरोक्कोला जायलोत, कासाब्लांकाला उतरल्यावर कसं करावं?

गोदाकाठ_नांदेड:
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरात मी, बायको अन् आई मोरोक्कोला जायलोत. ई-व्हिसा आलाय, दुबईमार्गे दुपारी 2 ला कासाब्लांकाला उतरणार अन् त्याच दिवशी मराकेश गाठायचंय. आई माळकरी आहे, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यामुळं लई चालवत नाही, त्यात कार्तिकी एकादशी तिथंच येतीय. दुबईतला मेव्हणा म्हणायलाय माझ्याकडचे दिरहम न्या, तिथं बी दिरहमच चालतात. खरंय का? भाच्याचा ड्रोन न्यायचा विचार आहे, तेबी सांगा.

क्रांतीचौक:
दादा, नाव एकच आहे पण पैसा वेगळा. दुबईचे दिरहम देऊन तिथं चहा पण मिळायचा नाही. मोरोक्कोचा दिरहम त्यांच्या देशाबाहेर सहसा मिळतच नाही, नियमच तसाय, परत येताना पण 2000 च्या वर आणता येत नाहीत. युरो नाहीतर डॉलर न्या, विमानतळावर लागतील तेवढेच बदला अन् पावती जपून ठेवा, उरलेले परत बदलताना तीच मागतात. ड्रोन मात्र घरीच ठेवा. परवानगीशिवाय आणायला बंदी आहे, कस्टमवाले तिथंच काढून घेतात.

मांजराकाठ:
आम्ही वडिलांना घेऊन गेलो होतो म्हणून कळकळीनं सांगतो. कासाब्लांकाला टॅक्सीच्या नादी लागू नका, टर्मिनलच्या खालीच रेल्वे स्टेशन आहे, तिथून शहरातलं कासा व्होयाजर स्टेशन, तिथं गाडी बदलली की अडीच-पावणेतीन तासात मराकेश. फर्स्ट क्लास काढा, सीट नंबर मिळतो, आईंना टेकून बसता येतं.

खरी अडचण मराकेशच्या जुन्या शहरात, मदिनात. रियाड म्हणजे आपल्या वाड्यासारखं, मधी चौक असलेलं घर, पण बोळ इतके अरुंद की गाडी दारापर्यंत जातच नाही. आम्ही रात्री 8 ला टॅक्सीतून उतरलो, एक पोरगा आला अन् म्हणला तिकडचा रस्ता बंद आहे, माझ्या मागं या. पाऊण तास फिरवलं त्यानं. बाबा एका दाराच्या पायरीवर बसून गुडघे चोळायले अन् हा 100 दिरहम मागत उभा. नंतर कळलं, रियाड टॅक्सीपासून दोन बोळ सोडून होतं. बाबांचा तो चेहरा अजून डोळ्यापुढून जात नाही. रियाडवाल्याला आधीच मेसेज टाका, माणूस अन् सामानाला हातगाडी गाडीथांब्यावर पाठव म्हणावं. मधी कुणी आलंच तर "ला, शुक्रान" (नको, धन्यवाद) म्हणायचं अन् चालत राहायचं.

परभणीची_लेक:
दादा, जेवणाचं बघून घ्या. भाज्यांचा कुसकुस (रव्याचे बारीक वाफवलेले दाणे) म्हणून जे येतं ते बऱ्याचदा मटणाच्या रश्शात शिजवलेलं असतं, हरीरा सूपचं पण तसंच. "ब्ला ल्हम" म्हणजे मटण नको, पण रश्शाचं वेगळं विचारा, नुसते तुकडे बाजूला काढून देतात. बिस्सारा मिळाला तर आईंना नक्की द्या, वाळलेल्या बाकल्याचं घट्ट सूप, वरून ऑलिव्ह तेल अन् जिरं, सोबत गोल खोब्ज, म्हणजे तिथला पाव. माझ्या सासूबाई म्हणल्या, पिठलंच की गं हे!

गोदाकाठ_नांदेड:
सगळ्यांचे आभार, रियाडवाल्याला आत्ताच मेसेज टाकला. ताई, एकादशीला काय मिळल तिथं?

परभणीची_लेक:
खजूर, बदाम, अंजीर ढिगानं मिळतात. मराकेशात जेमा एल फ्नाच्या चौकात संत्र्याचा रस समोर काढून देतात, फक्त बर्फ नको म्हणून सांगा. भगर अन् शेंगदाण्याचा कूट घरून न्या.