विषय: पुण्याच्या बैठकीसाठी बालमृत्यूचा तक्ता

नमस्कार मंडळी,
पुण्यातल्या बैठकीत निधी कशाला द्यायचा ते ठरेल. तक्त्यात देश, दरडोई उत्पन्न आणि बालमृत्यू दर असे रकाने केलेत. इन्क्युबेटर द्यावा असं बऱ्याच जणांचं मत आहे. सुधारणा सुचवा.
– कार्यवाह

कार्यवाह,
उत्पन्नावर भागणार नाही. बांगलादेश आपल्याहून गरीब असतानाही तिथला पाच वर्षांखालचा मृत्युदर बरीच वर्षं आपल्यापेक्षा कमी होता. आईच्या शिक्षणाचा रकाना घालाच. १७५ देशांच्या अभ्यासात १९७० ते २००९ दरम्यान टळलेल्या बालमृत्यूंपैकी निम्म्यांचं श्रेय बायकांच्या वाढलेल्या शिक्षणाला दिलंय.

दर हजार जिवंत जन्मांमागेच घ्या, आणि एनएफएचएस (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी) व एसआरएस (सरकारची नमुना नोंदणी) यांचे आकडे शेजारी मांडू नका. एनएफएचएसचा दर आधीच्या पाच वर्षांचा असतो, एसआरएसचा वर्षागणिक. तुमच्या मसुद्यात नेमकी तीच गल्लत झालीय.

आता खरी गंमत. एनएफएचएस-५ (२०१९-२१) मध्ये महाराष्ट्राचा पाच वर्षांखालचा मृत्युदर २८, त्यातले १६.५ पहिल्या २८ दिवसांतले. म्हणजे दहातले सहा. नायजेरियात हा वाटा निम्म्याहून कमी, कारण तिथे मलेरिया, न्यूमोनिया, जुलाब पुढेही मुलं नेतात. एकच औषध दोन्हीकडे चालायचं नाही.
– कोथरूडहून

मग इन्क्युबेटर बरोबरच की? पहिल्या २८ दिवसांसाठीच तर आहे.
– कार्यवाह

वीज, नर्स आणि दुरुस्तीवाला नसेल तर तो कोपऱ्यात धूळ खातो. अडीच किलोच्या आतलं स्थिर बाळ आईच्या छातीशी उघड्या अंगाने बांधलं की ऊब मिळते.

दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताईंनी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी जायचं असतं. ही साखळी तुटते माहेरी: पहिलटकरीण माहेरी, नोंद सासरच्या गावी, आणि दोन्हीकडच्या आशांना वाटतं दुसरी बघतेय. इंदापूर-दौंडकडच्या ऊसतोडणीच्या टोळ्यांचं तर गावच कारखान्यागणिक बदलतं.

तेव्हा पैसे वजनकाटे, थर्मामीटर आणि त्यांचे सेल यांना द्या. काटा रिकाम्या झोळीसकट शून्यावर आणायला शिकवा, नाहीतर झोळीचं वजन बाळाच्या नावावर चढतं आणि कमी वजनाचं बाळ निसटतं. श्वास बाळ शांत असताना पूर्ण मिनिटभर मोजायचे. साठ किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजायचे, तरी तेवढेच आले तर लगेच दवाखाना.

टोळ्यांसाठी बाळाची नोंद मुकादमाच्या वहीत नको, आईजवळच्या कार्डावर असू द्या.
– कोथरूडहून