घरगुती पाणबुडी: गोळा की नळकांडं?

निपाणीकर: एका माणसापुरती पाणबुडी करालोय. परवानगी मिळाली तर हिडकल धरणात १० मीटर खाली जायचं. दाब सोसणारा सांगाडा गोळ्याचा करू की नळकांड्याचा?

उद्यमबागचा फिटर: नळकांडंच करा की. तेवढ्याच जाडीत गोळ्याला ताण निम्मा येतोय, खरं पत्र्याच्या पाकळ्या दाबून जोडणार कोण? नळकांडं रोलिंग मशीनवर निघतंय. टोकांना अर्धगोल डिश, आतून रिंगा. बाहेरच्या दाबानं पातळ पत्रा फाटायच्या आधी पिचकतोय, म्हणून गोलाई सगळीकडं मोजा. वेल्डिंगनं ओढलेला पत्रा मी तरी घेणार नाही.

खानापूरकर: १० मीटरवर चौरस सेंटिमीटरला १ किलो जादा दाब. ६० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर २,८०० किलो! आधी माणूस न बसवता बुडवा, तेही ठरलेल्यापेक्षा खोल.