विषय: शिष्यवृत्तीसाठी ‘सोळा वर्षे शिक्षणा’ची नवी अट, मुदत ३० जून

प्रेषक: छाननी समिती, फोंडा

सर्वांस सप्रेम नमस्कार.

प्रतिष्ठानाच्या पदव्युत्तर शिष्यवृत्तीचा नवा अर्ज सोमवारी हाती आला. त्याच्या चौथ्या कलमात ‘अर्जदाराने सोळा वर्षांचे औपचारिक शिक्षण पूर्ण केलेले असावे’ अशी अट घातलेली आहे. चवथीनंतरच्या बैठकीत वयोमर्यादा आणि उत्पन्नाचा दाखला, एवढ्या दोनच गोष्टी बदलायच्या ठरल्या होत्या. या अटीचा तेव्हा उच्चारही झाला नव्हता. मुदतीला बारा दिवस उरले असताना ती आली आहे, म्हणून घाईने लिहीत आहे.

बारावीपर्यंतची बारा वर्षे आणि पदवीची तीन मिळून पंधरा होतात. गोव्यात नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे चार वर्षांची पदवी २०२३-२४ या वर्षापासून सुरू झाली, त्यामुळे तिची पहिली तुकडी २०२७ मध्ये बाहेर पडेल. त्याआधीच्या तुकड्यांतून बी.ए., बी.एस्सी. किंवा बी.कॉम. झालेल्या मुलांना चौथे वर्ष घेण्याची सोयच नव्हती. फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील किंवा आल्तिन्होच्या कला महाविद्यालयातील मुलांची पदवी मुळातच चार वर्षांची असल्याने ती या अटीतून सहज पार होतील. अडतील ती साध्या विज्ञान, वाणिज्य आणि कला शाखांची मुले, आणि आमच्याकडे येणारे बहुतेक अर्ज त्यांचेच असतात.

काल सायंकाळी म्हार्दोळची एक मुलगी आईसोबत घरी आली होती. आई देवळापुढे जायांच्या माळा विकते. पावसात भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून आणलेली फाईल तिने स्वतः उघडली आणि एकेक कागद पदराने टिपून टेबलावर ठेवला. सहा सत्रांच्या गुणपत्रिका होत्या, प्रथम श्रेणी विशेष प्रावीण्याचे प्रमाणपत्र होते, आणि समुद्रविज्ञानाच्या अभ्यासक्रमासाठी जर्मनीतील विद्यापीठाचे प्रवेशपत्रही होते. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना लागणारे कागदपत्र-पडताळणीचे एपीएस प्रमाणपत्रसुद्धा तिने वेळेत मिळवले आहे. तिची पदवी तीन वर्षांची आहे. जर्मन विद्यापीठाने ती मान्य केली असताना आपण ती अपुरी म्हणायची का, याचे उत्तर मला तिला शुक्रवारपर्यंत द्यायचे आहे.

प्रेषक: खजिनदार, लंडन

सर, आपली कळकळ समजते. परंतु ही अट विश्वस्तांनी सहज म्हणून घातलेली नाही. सासष्टीच्या त्या मुलाचे प्रकरण आपणा सर्वांना आठवत असेल. आपण शिष्यवृत्ती मंजूर केली, पहिला हप्ता दिला, आणि त्यानंतर अमेरिकेतील विद्यापीठाने तीन वर्षांची पदवी पुरेशी नाही असे सांगून त्याचा सशर्त प्रवेश रद्द केला. तो हप्ता परत येण्यास चौदा महिने लागले, आणि तेवढा काळ ती रक्कम दुसऱ्या कोणालाही देता आली नाही. त्या वर्षी देणगीदारांची पत्रे मला एकट्यालाच उत्तरावी लागली होती. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे आजही चार वर्षांची पदवी मागतात. सर्वांना सारखी लागू होणारी आणि कागदावर तपासता येणारी अट असावी, एवढाच विश्वस्तांचा हेतू आहे. तीन वर्षांच्या पदवीनंतर एम.एस्सी.चे पहिले वर्ष केलेले असेल तर ते सोळावे धरावे, अशी तडजोड मी सुचवू शकतो.

प्रेषक: लिस्बनच्या सभासद

काका, सोळा हा आकडा सर्वांना सारखा कसा लागू होतो, हे मला समजले नाही. माझी मुलगी पोर्तुगालमध्ये शिकली. येथे शाळा बारा वर्षांची आहे, आणि तिची पदवी बोलोन्या या युरोपातील सामाईक पद्धतीप्रमाणे १८० क्रेडिटची, म्हणजे तीन वर्षांची होती. तिचीही पंधराच वर्षे झाली, आणि तेवढ्यावर तिला येथे पदव्युत्तर प्रवेश मिळाला. इंग्लंडमध्ये शाळा तेरा वर्षांची असल्याने तेथील तीन वर्षांच्या पदवीची बेरीज सोळा भरते. म्हणजे तुमच्या शेजारचे मूल पात्र ठरते आणि माझे ठरत नाही, आणि दोघांची पदवी मात्र तीनच वर्षांची!

प्रेषक: पेडण्याचे सभासद

ताई, आपल्या कन्येचे अभिनंदन. परंतु ही शिष्यवृत्ती गोव्यात राहून शिकलेल्या मुलांसाठी सुरू झाली होती, हे येथे नोंदवून ठेवतो. परदेशात वाढलेल्या मुलांची पात्रता हा विषय दोन वर्षांपूर्वी मिटला आहे आणि तो पुन्हा उघडू नये. उघडायचाच असेल तर आधी महाराष्ट्रातील दोडामार्गच्या मुलांचा विचार करावा. ती रोज सीमा ओलांडून डिचोली आणि म्हापशाच्या महाविद्यालयांत येतात, पण त्यांच्याजवळ मामलेदारांचा पंधरा वर्षे रहिवासाचा दाखला नसतो. मी स्वतः अशा चार मुलांना शिकवले आहे. त्यांच्यापैकी एकाचाही अर्ज आपण कधी घेतला नाही.

प्रेषक: छाननी समिती, फोंडा

दोडामार्गचा मुद्दा रास्त आहे आणि वार्षिक सभेत तो मी स्वतः मांडीन. ताईंनीही आपल्या मुलीसाठी काही मागितलेले नाही, त्यांनी फक्त मोजणीतील दोष दाखवला आहे. आज निर्णय हवा आहे तो चौथ्या कलमावर.

काका, एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची तडजोड मला पटत नाही. सोळावे वर्ष भरावे म्हणून मुले ताळगावला गोवा विद्यापीठात दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात नाव घालतील, वर्षाचे शुल्क भरतील आणि अर्ध्यावर सोडून जातील. ज्याला तो अभ्यासक्रम खरोखर पुरा करायचा होता, त्याची जागा त्यात जाईल. म्हार्दोळच्या मुलीला तर तेही शक्य नाही, कारण तिचे सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होते. जर्मनीच्या व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची तरतूद दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती रक्कम ११,९०४ युरो झाली. ही रक्कम बँकेत अडकवून ठेवणे तिच्या घराला झेपणारे नाही. आपले मंजुरीपत्र जुलैत तिच्या हाती पडले, तर शिष्यवृत्तीची रक्कम त्या तरतुदीतून वजा दाखवण्याचा प्रयत्न करता येईल. नंतर मिळालेल्या पत्राचा तिला उपयोग नाही.

सासष्टीच्या प्रकरणात पदवी तीन वर्षांची होती हे खरे. पण आपण सशर्त प्रवेशावर हप्ता दिला, ही चूक आपली होती. त्यावर उपाय म्हणून मी कलमाचा असा मसुदा पाठवतो: ‘अर्जदाराजवळ मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे विनाशर्त प्रवेशपत्र असावे, प्रवेशपत्र सशर्त असल्यास शिष्यवृत्ती मंजूर करता येईल, परंतु शर्त पूर्ण झाल्याचे विद्यापीठाचे पत्र आल्याखेरीज कोणताही हप्ता दिला जाणार नाही.’ पदवी पुरेशी आहे की नाही, हे जे विद्यापीठ शिकवणार आहे त्याने ठरवावे. आपण हप्ता कधी सोडायचा तेवढे ठरवावे.

प्रेषक: खजिनदार, लंडन

सर, हप्त्यावरील बंधन मला पूर्ण मान्य आहे, आणि खरे सांगायचे तर माझी चिंता तेवढीच होती. नियम बदलण्याचा अधिकार मात्र विश्वस्तांचा आहे, छाननी समितीचा नाही. म्हणून आपला मसुदा मी आज रात्री त्यांच्याकडे पाठवत आहे. पाचपैकी तिघांची लेखी संमती आली की तो लागू होईल. दोघांशी फोनवर बोलणे झाले असून त्यांची हरकत नाही. तोवर तीन वर्षांच्या पदवीचा एकही अर्ज परत करू नये, तो ‘प्रलंबित’ असा शेरा मारून ठेवावा. म्हार्दोळच्या मुलीचे प्रवेशपत्र विनाशर्त आहे ना, तेवढे पाहून कळवावे.

प्रेषक: छाननी समिती, फोंडा

विनाशर्त आहे. दोन्ही पाने पुन्हा वाचून खात्री केली. तिचा अर्ज आज अनुक्रमांक सात म्हणून नोंदवला असून, शुक्रवारपर्यंत थांबायला नको म्हणून तिच्या आईला आताच फोन करतो.