मंदीत मदत मागणारे वाढतात, देणग्या कमी होतात. जुना अनुभव काय सांगतो?

वाटसरू:
एका छोट्या संस्थेत व्हॉलंटियर आहे, गरजू घरांना महिन्याचा कोरडा शिधा देतो आम्ही. सध्या नोकऱ्या जातायत त्यामुळे रांग वाढतेय आणि नेमक्या याच वेळी देणग्या आटतायत. कमिटीतले काहीजण म्हणतात थोडे महिने कळ काढू, बाजार सुधारला की गर्दी आपोआप ओसरेल. मला हे अजिबात पटत नाहीये. आधीच्या मंदीत काय झालं होतं, कुणी सांगेल का?

हिशेबनीस:
तुम्हाला पटत नाहीये ते बरोबरच आहे. २००८ चंच बघा. अमेरिकेत मंदी कागदोपत्री जून २००९ ला संपली, पण बेकारी १० टक्क्यांवर गेली ती ऑक्टोबरमध्ये, आणि फूड स्टॅम्प (अन्न विकत घ्यायला मिळणारी सरकारी मदत) घेणारे २०१३ पर्यंत वाढतच राहिले, जवळपास पावणेपाच कोटी लोक झाले. शेअर बाजार तर २००९ च्या मार्चपासूनच वर यायला लागला होता! नोकरी गेली की माणूस दुसऱ्या दिवशी संस्थेच्या दारात येत नाही हो, आधी साठवलेलं मोडतो, मग नातेवाईकांकडून उसने घेतो, क्रेडिट कार्ड ओढतो आणि सगळे रस्ते बंद झाले की लाज गिळून येतो. परत काम मिळालं तरी सुरुवातीचे पगार देणी फेडण्यातच जातात, म्हणजे तेव्हाही त्याला शिधा लागतोच.

सावली:
ब्रिटनमध्ये गरजूंना अन्न वाटणाऱ्या ट्रसेल ट्रस्ट या संस्थेचे आकडे बघा, २००८-०९ मध्ये साधारण २६ हजार जणांना आणीबाणीचं अन्न दिलं होतं, २०१३-१४ ला तो आकडा ९ लाखांच्या वर गेला. फक्त हे सगळं मंदीच्या नावावर टाकू नका, त्या वर्षांत सरकारी भत्त्यांना कात्री लागली होती आणि ट्रस्टची वाटप केंद्रंही खूप वाढली होती. कमिटीत कुणीतरी हा मुद्दा काढणारच, तयारीत राहा.

मधलीफळी:
पैशाच्या बाजूने एक सांगतो, मी ग्रँटचं काम बघतो. काही मोठी फाउंडेशन्स आपल्या गुंतवणुकीच्या मागच्या काही वर्षांतल्या किमतीची सरासरी काढून वाटप ठरवतात, त्यामुळे झटका लगेच दिसत नाही, वर्षा-दोन वर्षांनी बसतो, आणि तेव्हाच तुमची रांग सगळ्यात लांब असते. दुसरं म्हणजे ठराविक प्रोजेक्टसाठी आलेला पैसा भाड्याला, पगाराला वापरता येत नाही, त्यामुळे खात्यात रक्कम असूनही संस्था बंद पडायची वेळ येते. देणगीदारांना आत्ताच भेटा आणि मोकळा निधी मागा, मोठ्या एकरकमी चेकपेक्षा दर महिन्याला थोडे देणारे जोडा. आणि एक कळकळीने सांगतो, कालपर्यंत तुम्हाला देणगी देणारेच उद्या रांगेत दिसतील, त्यांची नावं सगळ्यांसमोर पुकारू नका.

वाटसरू:
खूप आभार सगळ्यांचे. रविवारच्या मीटिंगमध्ये २०१३ चा आकडा आणि मोकळ्या निधीचा मुद्दा दोन्ही मांडतो. नावं पुकारणं मात्र उद्यापासूनच बंद करायला लावतो, त्याला मीटिंगची गरज नाही.