जुन्या गाडीचं पॉवर स्टेअरिंग ऑइल बदलावं का? काका नको म्हणायलेत

नमस्कार मंडळी. गाडी काकांची, २००९ ची, डिझेल, सात सीटर. कंपनी मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर अर्धे प्रतिसाद "तीच गाडी कशाला घेतली" असे येतील. आम्ही सेलूचे. गाडी परभणी-जिंतूर करते, लग्नसराईत औंढ्यापर्यंत जाते आणि पेरणीच्या दिवसांत खताची पोती घेऊन शेतातही शिरते.

स्टेअरिंग हायड्रॉलिक आहे, म्हणजे पंपानं दिलेल्या ऑइलच्या दाबावर चालणारं. सकाळी थंड गाडीत काही जाणवत नाही. उन्हात तासभर चालली आणि मोंढ्यात मागंपुढं करून लावायला गेलं की फुल टर्नवर पंप "ऊंऽऽ" करतो. स्टेअरिंगही थोडं जड लागतं. डबी उघडली तर ऑइल काळ्या चहासारखं. लेव्हल बरोबर आहे, खाली कुठं डाग नाही.

इथला मिस्त्री म्हणतो, इतक्या वर्षांत हात लावला नाही, आता नवं टाकलं तर सील सोडतील, चालू द्या. परभणीतला दुसरा म्हणतो, मशीन लावून सगळं फ्लश करू. काकांना पहिल्याचं पटलंय, कारण त्यात खर्च नाही. मॅन्युअल कधीच हरवलंय. बदलावं का, आणि बदललं तर कुठलं टाकावं?

जालन्याचा ड्रायव्हर:
भाऊ, आधी पुढच्या टायरातली हवा बघा की. हवा कमी असली की स्टेअरिंग जडच लागतंय. मग बेल्ट बघा. ढिला बेल्ट घसरला की "चींऽ" करून किंचाळतो, पंपाचा आवाज घुमतो. दोन्ही वेगळे आहेत. तुमचं वर्णन पंपाचं वाटायलंय.

ग्रीसवाले हात:
बदला. हे ऑइल इंजिन ऑइलसारखं जळत नाही, म्हणून लोक विसरतात. पण तापून तापून ते खराब होतंच. पंपाच्या पात्यांची बारीक झीज आणि पाईपच्या आतलं रबर त्यातच फिरत राहतं. मे महिन्यात आपल्याकडं बाहेरच ४२-४३ अंश असतं, बॉनेटखाली काय होत असेल बघा. पांढऱ्या कागदावर थेंब टाका. काळा डाग पडला, बोटाला कचकच लागली किंवा जळका वास आला तर अजून थांबण्यात अर्थ नाही.

सील सुटतात हे अर्धं खरं आहे. नवं ऑइल चांगलं सील फाडत नाही. जे आधीच कडक होऊन झिरपायच्या बेतात आहे, ते उघडं पडतं. ते आज ना उद्या गळणारच होतं. पण मशीन लावून जोरात फ्लश करण्याच्या मीही विरोधात आहे. तळाची घाण हलते आणि वॉल्व्हमध्ये जाऊन बसते.

धागाकर्ता:
मग मशीनशिवाय कसं करायचं? आणि ऑइल?

ग्रीसवाले हात:
मोठी सिरिंज घ्या, पुढं नळी लावा. इंजिन बंद ठेवून डबीतलं निघेल तेवढं जुनं काढा, नवं भरा. इंजिन चालू करून स्टेअरिंग दोन्हीकडं सावकाश फिरवा. टोकाला धरून ठेवू नका, पंपावर सगळा दाब येतो. गाडी थोडे दिवस चालवा, मग परत तेच. रंग उजळेपर्यंत. पूर्ण सिस्टीममध्ये साधारण लिटरभर ऑइल असतं आणि डबीत त्याचा थोडाच भाग, म्हणून एका फेरीत होत नाही. डबीत फेस दिसला तर हवा धरली समजा. इंजिन बंद करून फेस बसू द्या, लेव्हल पाहून पुन्हा फिरवा. डबीच्या तळाची जाळी गाळाने बुजली असेल तर डबीच बदला. बऱ्याच गाड्यांत जाळी सुटी मिळत नाही.

ऑइलचं नाव डबीच्या झाकणावर असतं, आधी ते पुसून वाचा. त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांना लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल), जनरल मोटर्सच्या डेक्स्रॉन दर्जाचं, चालायचं, पण सगळ्यांना नाही. काहींना कंपनीचंच वेगळं ऑइल लागतं, तिथं एटीएफ ओतू नका. डेक्स्रॉन-३ चे परवाने जनरल मोटर्सने २००६ अखेर संपवले, त्यामुळं आता बाटलीवर "डेक्स्रॉन-३ साठी योग्य" असं काहीतरी लिहिलेलं असतं. रंग बघून तर अजिबात घेऊ नका.

जालन्याचा ड्रायव्हर:
अन् ब्रेक ऑइल टाकू नका! ऐनवेळी हाताशी तेच असतं म्हणून लोक ओततात. त्यानं सील फुगतात, मग पंप अन् रॅक (चाकं वळवणारा भाग) दोन्ही उतरवा.

धागाकर्ता:
झाकण पुसलं, डेक्स्रॉन-२ लिहिलंय. काका आता म्हणायलेत, "सिरिंजनंच करायचं असेल तर कर, पण जुनं ऑइल विहिरीकडं ओतू नको." कॅन बाजूला काढून ठेवलाय. डेक्स्रॉन-२ च्या जागी ३ चालेल ना?

ग्रीसवाले हात:
चालेल. फक्त चांगल्या दुकानातून घ्या, सुटं मोजून मिळणारं नको.