मदत हवी आहे: व्हायरस निघाला पण विंडोज धड चालत नाही, फॉरमॅट न मारता जमेल का?

मंडळी, जरा अर्जंट आहे. दादाचं डीटीपी-झेरॉक्सचं दुकान आहे, कॉलेजच्या समोरच, त्यामुळे दिवसभर पोरं प्रिंट काढायला पेनड्राइव्ह घेऊन येतात आणि त्यातलंच कुणीतरी प्रसाद देऊन गेलं. विंडोज १०, ६४ बिट, जुना पीसी आहे, ११ त्यावर चढत नाही.

आधी पेनड्राइव्हमधल्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले. मग टास्क मॅनेजर उघडेना, म्हणे ॲडमिनिस्ट्रेटरने बंद केलाय, अहो ॲडमिनिस्ट्रेटर दादाच, तो कशाला बंद करतोय! रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) एडिटरचंही तेच. सेफ मोडला (मोजक्याच गोष्टींवर विंडोज चालू करायची सोय) गेलं की निळी स्क्रीन येते आणि रीस्टार्ट.

डिफेंडरचा (विंडोजचाच अँटिव्हायरस) ऑफलाइन स्कॅन मारला, त्यात सॅलिटी नावाचा व्हायरस सापडला आणि ढीगभर ईएक्सई (प्रोग्रामच्या) फाइली धरल्या. पेनड्राइव्हवरचं लपलेलं सामान ॲट्रिब कमांडने परत दिसायला लागलं, तेवढं बरं झालं. पण एसएफसी स्कॅननाऊ (विंडोजच्या फाइली तपासणारी कमांड) चालवलं की म्हणतं करप्ट फाइली सापडल्या, काही दुरुस्त करता आल्या नाहीत. डिसम या दुसऱ्या दुरुस्तीच्या कमांडचं रिस्टोअरहेल्थ करावं तर सोर्स फाइल मिळत नाही म्हणून अडतं.

सगळे सांगतायत फॉरमॅट मार. पण पानं लावायचं पेजमेकर आणि मराठी फाँटचं श्रीलिपी आहे त्यात, सीड्या कुठे गेल्या देव जाणे, आणि लग्नसराई तोंडावर आलीय, पत्रिकांच्या ऑर्डरी घेऊन ठेवल्यात. फॉरमॅट सोडून काही मार्ग आहे का?

खोडरबर: आहे, पण क्रम चुकवू नका. सॅलिटी ईएक्सई फाइलींच्या आत स्वतःला चिकटवतो, त्यामुळे डी ड्राइव्हला ठेवलेला एखादा जुना सेटअप जरी लागण झालेला राहिला आणि कुणी त्यावर डबल क्लिक केलं, की पहिले पाढे पंचावन्न. म्हणून आधी दुसऱ्या चांगल्या पीसीवर रेस्क्यू डिस्कचा (विंडोज चालू न करता व्हायरस तपासणारी) पेनड्राइव्ह बनवा (कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीची फुकट मिळते), त्यावरून पीसी चालू करा आणि सी, डी सगळं तपासा. नेट केबल काढून ठेवा. पत्रिकांच्या फाइली आणि फाँट बाहेर कॉपी करून घ्या, ईएक्सई एकही नको.

स्वच्छ निघाला की विंडोज १० चा आयएसओ (इन्स्टॉलेशन डिस्कची एकच फाइल) मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घ्या, चालू विंडोजमध्येच माउंट करा (म्हणजे डिस्कसारखा उघडा) आणि आतलं सेटअप चालवा. 'फाइल्स आणि ॲप्स ठेवा' हा पर्याय निवडायचा. भाषा आणि एडिशन (होम का प्रो) आत्ता आहे तेच हवं, नाहीतर तो पर्याय निवडताच येत नाही. त्यात सिस्टिमच्या फाइली नव्याने बसतात, पेजमेकर-श्रीलिपी जागच्या जागी राहतात. डिसमच्या मागे लागायची मग गरजच नाही.

वाटसरू: सेफ मोडचं कारण वेगळं आहे. सॅलिटी रजिस्ट्रीतली सेफबूट नावाची की (नोंद) उडवतो, सेफ मोड तिच्यावरच चालतो. रिपेअर करूनही निळी स्क्रीन येत राहिली तर त्याच व्हर्जनच्या चांगल्या पीसीवरून ती की एक्सपोर्ट करून आणा. आणि दुकानात लाइट बिलं, ऑनलाइन फॉर्म भरत असाल तर सगळे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला. १४ ऑक्टोबर २०२५ ला १० चा नेहमीचा सपोर्ट संपलाय हेही दादांच्या कानावर घाला. गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह लावायला एखादा वेगळा जुना पीसी ठेवला तर उत्तम, त्यावर लिनक्स टाका, पीडीएफ प्रिंट करायला तेवढं पुरतं.

मूळ प्रश्नकर्ता: आभार दोघांचेही. सगळे सेटअप डी ड्राइव्हलाच आहेत, म्हणजे गोची तिथेच आहे. श्रीलिपीचं डोंगल (लायसन्ससाठी यूएसबीला लावतात ते) रिपेअर चालू असताना लावून ठेवायचं का काढायचं?

खोडरबर: काढा. प्रिंटर, पेनड्राइव्ह, सगळंच काढा, कीबोर्ड-माउस तेवढे ठेवा. विंडोज पूर्ण उठलं की मग लावा, आणि ओळखलं नाही तर त्याचा ड्रायव्हर परत टाका.