विद्यापीठातलं अपंगत्व आणि न्यूरोविविधता: अडतं कुठे, सोडवायचं कसं?

प्रवेश सुरू झालेत. अपंग आणि न्यूरोविविध (मेंदूची घडण वेगळी असलेल्या) विद्यार्थ्यांसाठीचे नियम सांगणारे पुष्कळ भेटतात. तो नियम नेमका कुठे अडकतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी लिहा. कहाणी नको, कामाचं सांगा.

लेखनिकांची व्यवस्था बघणारी

हॉल तिकीट हातात येईपर्यंत थांबू नका. परीक्षेचा फॉर्म भरतानाच लेखनिकासाठी (आपण सांगू ते उत्तर लिहून देणारा) अर्ज द्या आणि पोच घ्या. केंद्र सरकारच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या सूचनांत जादा वेळ तासाला किमान २० मिनिटं आहे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक न घेणाऱ्यालाही हा वेळ मिळतो. पर्यवेक्षकाला हे बहुधा माहीत नसतं, म्हणून सूचनेची प्रत जवळ असू द्या. लेखनिक स्वतः आणलात तर त्या सूचनांप्रमाणे त्याचं शिक्षण तुमच्यापेक्षा एक पायरी खाली हवं.

खरी गडबड सांगण्यात होते. 'ए अधिक बी चा वर्ग' म्हटलं की लेखनिक वर्ग फक्त बीवर टाकतो. 'कंस सुरू, ए अधिक बी, कंस पूर्ण, पूर्ण कंसाचा वर्ग' असं सांगायची सवय लावा. त्याच सूचनांप्रमाणे लेखनिकाला दोन दिवस आधी भेटता येतं. त्या भेटीत गप्पा नकोत, एक जुना पेपर सोडवून घ्या.

स्क्रीन रीडरवर अभ्यास करणारी

सरांच्या नोट्स श्री-लिपीत (युनिकोडआधीच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये) असतील तर पडद्यावर सुरेख मराठी दिसतं, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हं भरलेली असतात. एनव्हीडीए (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा स्क्रीन रीडर) तेच वाचतो, म्हणजे शुद्ध बाराखडीचा चिवडा. ओळखायचं असं: पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठीच उमटलं तर युनिकोड. भलतंच आलं तर आधी कन्व्हर्टर लावून ते युनिकोडमध्ये आणा. ओळ निवडताच येत नसेल तर तो नुसता फोटो आहे, ओसीआर (फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर करणारं सॉफ्टवेअर) लागणार.

ओसीआरसाठी ३०० डीपीआय (स्कॅनचा बारकावा) आणि एका वेळी एकच पान. पुस्तक उघडं ठेवून दोन्ही पानं एकदम स्कॅन केली की डावीकडची ओळ थेट उजव्या पानात घुसते, आणि शिवणीजवळ कागद वळल्यामुळे जोडाक्षरं हमखास बिघडतात.

ग्रंथालयात 'कॉपीराइट' म्हणून नकार मिळाला तर २०१२ च्या दुरुस्तीतलं कलम ५२ (१) (झेडबी) दाखवा. वाचता येईल अशी प्रत करायला त्यात मुभा आहे. त्याआधी सुगम्य पुस्तकालयात (अशा वाचकांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयात) शोधा, निम्मा खटाटोप वाचेल.

व्हीलचेअरवरून फिरणारा

'रॅम्प करावा' असा अर्ज देऊ नका, माप लिहा. उतार १:१२, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या एका पायरीला १८० सेंटिमीटर लांबी. दोन फुटांची फळी टाकली तर उतार १:४ होतो आणि खुर्ची मागे कलंडते. वर गुळगुळीत टाइल्स नकोत आणि माथ्यावर पायपुसणंही नको, पुढची छोटी चाकं त्यातच रुततात.

स्वच्छतागृहाचं दार पूर्ण उघडून मोकळी जागा मोजा. चौकट ९० सेंटिमीटरची असली तरी दाराची जाडी आणि बिजागरी त्यातली काही खातात. दार बाहेर उघडणारं हवं. आत खुर्ची वळायला १५० सेंटिमीटरचं वर्तुळ लागतं. झाडू-बादल्या नेमक्या तिथेच ठेवलेल्या असतात.

एडीएचडी, स्वमग्नता

२०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता (ऑटिझम) आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचं (लक्ष टिकवणं अवघड जाणं) वेगळं नाव नाही. म्हणून नुसत्या एडीएचडीवर अपंगत्वाच्या कार्डाची वाट अवघड. विभागप्रमुखांकडे मात्र सोय मागता येते. 'समजून घ्या' म्हणाल तर मान डोलावतील आणि काहीच करणार नाहीत. करायची गोष्ट सांगा: तोंडी परीक्षेत एका वेळी एकच प्रश्न, प्रबंधाला तीन टप्प्यांच्या तारखा, लुकलुकणाऱ्या ट्यूबखालची जागा नको.

कर्णबधिर मुलांसोबत काम करणारा

मोबाइलवर बोलण्याचा मजकूर दाखवणारं अ‍ॅप वापरत असाल तर माईक शिक्षकांच्या कॉलरला लावा, बाकावर नको. पंख्याचा आवाज शब्द खातो. फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही, हे तर झालंच. मागच्या बाकावरून आलेला प्रश्न शिक्षकांनी आधी पुन्हा म्हणायचा आणि मग उत्तर द्यायचं, नाहीतर मुलाच्या पडद्यावर नुसतं उत्तर उमटतं: 'नाही, तसं नसतं.'